यंत्रही हवे, खतावणीही

इतिहासाच्या पुस्तकांत मोताळा तालुक्यातले आमचे रोहिणखेड दोन कारणांनी येते. बुऱ्हाण निजामशाहाने जमालखानाचा पराभव इथे केला, हे एक. खुदावंतखानाने १५८२ साली इथे मशीद बांधली, हे दुसरे. ‘खुदावंतखानाने बांधली’ असे लिहायची रीतच आहे. दगड कोणी फोडले, कोणी वाहिले, चुना कोणी मळला, ते लिहायची रीत नाही.

अलीकडे इंजिनियरिंग आणि व्यवस्थापन अशा दोन पदव्या जोडीने घेण्याची भाषा आपल्या मुलांच्याही तोंडी येऊ लागली आहे. अमेरिकेत एमआयटीने १९८८ साली असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. एका वेळी दोन्ही पदव्या. इकडे पवईच्या आयआयटीत १९९५ साली व्यवस्थापनाची शाळा निघाली. आपल्यातले काही जाणते कार्यकर्ते या प्रकाराला ‘पैसेवाल्यांचा छंद’ म्हणतात. मला तसे वाटत नाही. कारण काम एकाचे आणि हिशेब दुसऱ्याचा, या वाटणीवरच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या नागवले गेले आहे.

वऱ्हाडचा गावगाडा आठवा. गावची शीव महाराला तोंडपाठ. शिवेचा तंटा लागला की साक्ष त्याची. पण क्षेत्र किती, सारा किती, बाकी किती, हे सारे पटवाऱ्याच्या दप्तरात. जमीन पावलांनी ओळखणारा एक, तिचा कागद करणारा दुसरा. पुढे वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईच्या गिरण्यांत गेला, तिथेही हेच. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण विणकर बाटत. जास्त मजुरीचे खाते नेमके तेच! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. म्हणजे हिशेब तर दूरच, चांगल्या यंत्राजवळही आपल्याला उभे करत नव्हते.

जोड अभ्यासाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. १९१६ साली लंडनला गेल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन्ही एकदम धरले. हौसेने नव्हे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत डोक्यावर होती, आणि १९१७ साली ती संपताच शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. कोलंबियाचे अर्थशास्त्र होते, पण बाजाराला जात दिसली! मग सिडनहॅममध्ये प्राध्यापकी केली, पैसा साठवला, नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्‌सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्‌सी. एक वाट अडली तर दुसरी मोकळी असावी, हा हिशेब त्यामागे असावा असे मी मानतो.

याहून महत्त्वाची, पण आपल्या सभांत क्वचितच निघणारी गोष्ट १९४२ ची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती येताच त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान व तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण हवे, आणि ते गरिबाला परवडत नाही म्हणून सरकारने पैसा द्यावा, ही त्यातली मागणी. बनारस व अलीगढ विद्यापीठांना सरकार देते तेवढे, वर्षाला ३ लाख, आमच्या मुलांना द्या, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती यातून. याच खात्यातून त्यांनी दामोदर खोऱ्याच्या धरणांचे आणि विजेचे धोरण आखले. इंजिनियर नसलेला अर्थशास्त्रज्ञ इंजिनियरांकडून काम करून घेत होता. धरण कुठे बांधायचे एवढेच नव्हे, पाणी आणि वीज कोणाच्या पदरात पडणार, हेही तो विचारत होता.

नुसता इंजिनियर झालेला आपला मुलगा यंत्रापाशी पोचतो. निविदा कोणाची, कंत्राट कितीचे, मजुरीत काटछाट कुठे, हे वरच्या मजल्यावर ठरते आणि तो खाली सही करतो. गावगाड्यातली साक्षच ती, फक्त पगार बरा.

मजुरांना वाकवायची विद्याच शिकायची का, असा प्रश्न मला विचारला जातो. प्रश्न खोटा नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. पण भांडवलशाहीची खतावणी वाचता न येणारा तिच्याशी भांडणार कसा? वाटाघाटीच्या टेबलावर मालकाचा ताळेबंद उलगडणारा माणूस युनियनलाही लागतोच.

खरी अडचण पैशाची आहे. १९८३ साली शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि बुलढाण्याच्या मुलाला पहिली पदवी जिल्ह्यात मिळू लागली. दुसरीसाठी आणखी दोन वर्षे, आणखी फी, आणि तेवढा काळ घरी मिळकत नाही. कोरडवाहू कापसावर हे भागत नाही. बाबासाहेब शिकले त्या कोलंबियातही आज इंजिनियरिंग आणि व्यवस्थापन जोडीने शिकता येते. तिकडे जायचे तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५, सगळ्या विद्याशाखा आणि सबंध महाराष्ट्र मिळून.