टोचनची जीप

आमच्या गॅरेजच्या मागं, पत्र्याखाली, वडिलांची जीप उभी आहे. सीजे-३बी, उंच बॉनेटची. मागं लोखंडी अँगलची क्रेन आणि साखळी. कराडच्या आसपास कुणाची गाडी बंद पडली की वडील ती याच जीपनं टोचन करून आणायचे.

परवा एक नर्सरीवाले आले. म्हणाले, "मिस्त्री, जुनी, आटोपशीर एसयूव्ही बघायचीय. आईचे गुडघे दुखतात, तिला दणके बसायला नकोत. वाटेत दगा देणारी नको. आणि मागं रोपांची छोटी ट्रॉली ओढली पाहिजे." मी त्यांना आधी ही जीप दाखवली. या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या गाड्यांत एकदम आलेल्या नाहीत, हे तिच्याकडं बघूनच कळतं.

ओढणं पहिलं आलं. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्डनं मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, ८० इंचांचा व्हीलबेस आणि मागं हूक. त्याला पाव टनाचा ट्रेलर नाहीतर हलकी तोफ अडकवायची. ओढीचा ताण खालच्या शिडीसारख्या चेसिसवर यायचा, वरचा पत्रा फक्त झाकण. चारही चाकांना पाटे, त्यामुळं आरामाचं नावच नको.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनी मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडू लागली. पुढं सीजे-३बी आली. तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर नेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. कोयनेचं धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. त्या कामावर धावलेली ही जीप वडिलांनी नंतर लिलावात घेतली. त्या काळी आमच्यासारख्यांना जीप मिळायची ती बहुधा अशीच, सरकारी खात्यानं वापरून काढलेली. लिलावात वडील आधी गाडीखाली झोपायचे. पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला वेल्डिंग दिसलं, की अंग झटकून उठायचे आणि पुढच्या गाडीकडं जायचे. इंजिन उतरवून परत बांधता येतं, वाकलेली चेसिस सरळ होत नाही, असं ते मला प्रत्येक वेळी सांगत.

भरवशाची खरी परीक्षा घेतली ती वडापनं, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या खासगी प्रवासी गाड्यांनी. महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि डिझेल जीप खेड्यात परवडू लागली. कमांडर, मार्शल, शिवाय बजाज टेम्पोची ट्रॅक्स. कराड–पाटण रस्त्यावर समोरासमोरच्या बाकांवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, दोघं मागं लटकलेली, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. एसटी चुकलेली पोरं, बाजारच्या पाट्या, बाळंतीण, सगळं त्यातच. दिवसाला आठ-दहा फेऱ्या आणि ओझं नेहमी मापापेक्षा जास्त. तरी त्या गाड्या चालायच्या, कारण मधेच काही तुटलं तर ते बसवणारा मिस्त्री पुढच्या गावात असायचाच. भरवसा म्हणजे माझ्या लेखी हाच. वडापच्या ड्रायव्हरांनी या तालुक्याला दवाखान्यात आणि कॉलेजात पोचवलं, आणि त्यांची आठवण कुणी लिहून ठेवलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आराम सर्वांत शेवटी आला. १९९४ ची टाटा सुमो, टाटांच्याच कंपनीतल्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून नाव ठेवलेली. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. २००० मध्ये बोलेरो आली, पुढं कॉइल स्प्रिंग, मागं मात्र पाटेच. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा कर उतरला आणि पुढं एसयूव्हीही त्या मापात बसवल्या जाऊ लागल्या. त्यातल्या बहुतेकींना वेगळी चेसिस नाही, ताकद पुढच्या चाकांना. मागं ट्रॉलीचं वजन पडलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरतात. आईसाठी ती गाडी चांगली, रोपांसाठी नाही.

म्हणून नर्सरीवाल्यांना मी २०१६ नंतरची बोलेरो पॉवर प्लस बघायला सांगितली. चार मीटरच्या आत, तरी चेसिस वेगळी, ताकद मागच्या चाकांना. आईंना पुढं बसवा, चढायला पायरी लावून देतो म्हटलं. ट्रॉलीची आरटीओत वेगळी नोंद लागते, तेही सांगितलं.

गाडी मिळाली तेव्हा मी सोबत गेलो. इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर नव्हता. मग गाडीखाली झोपलो. हँगर स्वच्छ. तिथून कुंभार्ली घाट उतरून परत माथ्यावर आलो, इंजिन बंद केलं, आणि वडील करायचे तसा चारही हबांवर आळीपाळीनं हात ठेवला. मागचा डावा बाकीच्यांपेक्षा गरम होता. बेअरिंगचे पैसे किमतीतून कमी करून घेतले.