आवाजविकार जीवनमान प्रश्नावली

आवाजविकार जीवनमान प्रश्नावली : स्वरयंत्राच्या विकाराचा रुग्णाच्या दैनंदिन व्यवहारावर, मनःस्थितीवर व उपजीविकेवर होणारा परिणाम त्याच्याच उत्तरांवरून मोजण्याचे साधन. स्वरतंतूंवरील गाठ वा सूज तपासणीत दिसते. तिचा जाच मात्र दिसत नाही. जी गाठ एकाला विशेष जाणवत नाही, तीच शिक्षकाला किंवा कीर्तनकाराला व्यवसायातून उठवू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अंमलात आलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, अशी भूमिका घेण्यात आली. जीवनमान मोजण्याच्या पुढील प्रयत्नांना तिचा आधार मिळाला. १९९७ मध्ये अमेरिकेत बार्बरा जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत कार्यात्मक, शारीरिक व भावनिक अशा तीन गटांत प्रत्येकी १० विधाने असून प्रत्येकास ० ते ४ गुण असतात. एकूण गुण १२०. गुण जितके अधिक, तितका त्रास अधिक. १९९९ मध्ये होगिक्यान व सेतुरामन यांची १० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आली, तर २००४ मध्ये मूळ ३० विधानांचा १० विधानांचा संक्षेप झाला. भारतीय रुग्णांसाठी स्वतंत्र प्रश्नावली २०१० मध्ये व पहिल्या प्रश्नावलीचे हिंदी रूपांतर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा साधनाचे केवळ शब्दशः भाषांतर पुरत नाही. प्रथम भाषांतर, मग मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची छाननी, रुग्णांवर चाचणी व शेवटी विश्वसनीयतेची परीक्षा असा क्रम असतो. उलट भाषांतराची पद्धती रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये विशद केली. व्हिएतनामी भाषेत सुरांच्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो व काही सुरांत कंठाचा आकुंचित ध्वनीही असतो. त्यामुळे तेथे आवाजाचा विकार थेट अर्थावरच आघात करू शकतो. मराठी सुरांची भाषा नसली, तरी तिच्या अडचणी निराळ्या आहेत. इंग्रजीतील प्रथमपुरुषी विधानाला लिंग नसते. मराठीत ‘मी बोलतो’ की ‘मी बोलते’ हे ठरवावेच लागते. ‘मला बोलताना’ अशी रचना केल्यास हा पेच टळतो. मूळ प्रश्नावलीच्या नावातील ‘हँडिकॅप’ या शब्दासाठी ‘अपंग’ योजल्यास शारीरिक व्यंगाचा बोध होतो. ‘अडचण’ अधिक जवळचा ठरतो.

नासिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तेथे प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, कोकणा व भिल्ल समाजाच्या बोली चालतात. आश्रमशाळेतील शिक्षक, कांद्याच्या लिलावात बोली पुकारणारे, सप्तशृंगगडावरील यात्रेत आरोळी देणारे विक्रेते यांची उपजीविका आवाजावर असते. दूरध्वनीवरील संभाषणाची विधाने त्यांना पुरेशी नाहीत. दूरवर हाक पोहोचते का, हेही विचारावे लागते. निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखवावे लागतात. त्या वेळी आरोग्यसेवकाने आपल्या शब्दांत अर्थ सांगितला, तर दोन रुग्णांच्या गुणांची तुलना डळमळते. म्हणून बोलीतील पाठही आधी निश्चित करून तपासावा लागतो. तसे न झाल्यास ज्याला प्रश्नच नीट कळला नाही, त्याचा त्रास कागदावर कमी भरतो व त्याचे उपचार मागे पडण्याचा धोका राहतो.