छप्पर किती घरांत वाटायचं? परळ-दादरच्या इतिहासातून नेट-झीरो

वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरते तेवढीच निर्माण करते ती नेट-झीरो इमारत. व्याख्या सोपी वाटते. पण संशोधन करायला बसलं की पहिलाच प्रश्न अडवतो: हिशेबाची हद्द कुठे आखायची? एक इमारत, एक गल्ली की अख्खा वॉर्ड? दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाचं (२०१४) उदाहरण नेहमी दिलं जातं, पण ते सरकारी कार्यालय आहे. दाट वस्तीत हा प्रश्न कसा बदलतो, ते परळ, लालबाग, दादरच्या इतिहासात जास्त स्पष्ट दिसतं.

आधी आला उजेडाचा नियम

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमुळे प्लेग पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. त्यातून ६३.५ अंशांचा नियम आला. खालच्या मजल्यावरच्या खोलीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांत रेषा काढली, तर समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. या कोनाचा टॅन्जंट साधारण २ येतो. म्हणजे समोरची इमारत मधल्या अंतराच्या फार तर दुप्पट उंच. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये घरांमधला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी याच ट्रस्टच्या योजनेतल्या.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पुढे मान्य झालं. कारण चुकलं होतं, तरी नियम कामाचा निघाला. दिवसा दिवा लागत नाही आणि वारा खेळतो, अशा घराला वीजच कमी लागते. नेट-झीरोची पहिली पायरी हीच: आधी गरज कमी करा, मग निर्मितीचं बघा.

वीज घाटातून आली

परळ-लालबागच्या गिरण्या आधी कोळशाच्या वाफेवर चालत. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राची वीज परळला पोहोचली. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रं सुरू झाली. भिऱ्याला पाणी मुळशी धरणाचं. त्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. शहरातला धूर कमी झाला, पण किंमत शहराच्या हद्दीबाहेर मोजली गेली. हद्दीचा प्रश्न नुसता तांत्रिक नाही, तो इथे कळतो.

छताचं गणित

आता ना. म. जोशी मार्गावरची एक बीडीडी चाळ घेऊ. १९२० च्या दशकातली ही बांधणी: तळमजला अधिक तीन मजले, ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. छत अंदाजे ४०० चौरस मीटर धरू. टाक्या आणि सावली वगळून निम्मं वापरता आलं, तर एका किलोवॅटला १० चौरस मीटर या हिशेबाने २० किलोवॅटचे सोलर पॅनल बसतात. मुंबईत एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले, तर ८० युनिट मिळतात. म्हणजे खोलीमागे रोज एक युनिट. एक पंखा आणि दोन-तीन एलईडी दिवे त्यात भागतात.

त्याच छताखाली ४० मजले आणि मजल्यावर ८ घरं असतील तर? घरं ३२०, म्हणून घरामागे पाव युनिट. त्यात एसी जेमतेम पंधरा मिनिटं चालेल. पॅनल कितीही सुधारले तरी मजल्यांच्या संख्येने होणारा भागाकार टळत नाही. भिंतींवर पॅनल लावता येतात, पण समोर दुसरा टॉवर असेल तर त्यांच्यावर सावली पडते. ६३.५ अंश इथे पुन्हा आठवतात.

मात्र यावरून ‘चाळच बरी होती’ असा निष्कर्ष काढू नका. चाळीतला कमी वीजवापर हा बराचसा अडचणीचा परिणाम होता. सार्वजनिक संडासासमोर रांग लावलेल्या पिढ्यांना ५०० चौरस फुटांचं स्वतंत्र घर मिळणं हा त्यांचा हक्क आहे. घर की ऊर्जा, असा वादच लावायचा नाही. हिशेब एका इमारतीवर थांबवायचा की नाही, एवढंच ठरवायचं.

मग हद्द कुठली?

गिरण्यांची छपरं आठवा. करवतीच्या दात्यांसारखी, काचा उत्तरेला, म्हणजे मागावर झळ न येता उजेड पडेल. साहजिकच पत्र्याचा किंवा कौलांचा उतार दक्षिणेला. भारतात सोलर पॅनलला दक्षिणेकडचाच उतार लागतो! १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जागी टॉवर आले. शहराने नुसती जमीन विकली नाही, ऊन झेलणारं मोठं क्षेत्रफळही घालवलं.

मुंबईच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात २०५० पर्यंत नेट-झीरोचं उद्दिष्ट आहे. टॉवर एकटा तिथे पोहोचणार नाही. त्याला शेजारच्या शाळा, मंडया, रेल्वे स्थानकं आणि डेपो यांची छपरं हिशेबात घ्यावी लागतील. तरीही कमी पडेल तेवढी वीज बाहेरून येईल.

तुम्ही या विषयात पीएचडीचा विचार करत असाल, तर एक वॉर्ड निवडा, उदाहरणार्थ एफ दक्षिण. एकूण छत मोजा, त्यावरची सावली मोजा, घरटी वापर काढा. आणि उरलेली वीज कुणाच्या जमिनीवरून येणार, हा रकाना तक्त्यात पहिल्या दिवसापासून ठेवा. मुळशीच्या वेळी तो रकाना शहराच्या हिशेबात नव्हता.