स्थळांची छायाचित्रे आणि आपला इतिहास

श्रोतेहो, इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे यांची नावे आपल्या तोंडी सहज येतात. छायाचित्राचे नाव मात्र त्या यादीत क्वचितच घेतले जाते. दागेर याची कृती पॅरिस येथे १८३९ साली जगापुढे मांडली गेली; म्हणजे या साधनाचे वय अद्यापि दोनशे वर्षांचेही नाही. तथापि एवढ्या अल्प काळात त्याने इतिहासाची जी सेवा केली, तिचे काही दाखले आपल्याच मराठवाड्यात आहेत. त्यांचा विचार आज आपण करू.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा प्रकारची ती पहिली संस्था होय. सुप्रसिद्ध विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या विद्येच्या पहिल्या हिंदी जाणकारांपैकी होते. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने जुन्या इमारतींची नोंद कॅमेऱ्याने करण्यासाठी कॅप्टन बिग्ज यांची नेमणूक केली, आणि विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारती काचेवर व कागदावर उतरू लागल्या. चित्रकाराला एक शिल्पपट रेखाटण्यास कित्येक दिवस लागत, आणि शिवाय त्याच्या हातून आपली आवडनिवड चित्रात उतरे. कॅमेऱ्यास अशी आवडनिवड नसते, ही त्या नेमणुकीमागील समजूत होती.

आपल्या भागातील याचा सर्वांत बोधप्रद दाखला मेजर रॉबर्ट गिल यांचा आहे. मद्रास फौजेतील या अधिकाऱ्याची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला केल्या आणि त्या विलायतेस पाठविल्या. लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकमहालात त्या मांडल्या होत्या. १८६६ सालच्या डिसेंबरात त्या महालास आग लागली आणि गिलसाहेबांच्या बहुतेक नकला जळून गेल्या. पुढे १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने केले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत सापडल्या. एकाच कामावर अग्नीने दोनदा घाला घातला!

परंतु गिलसाहेबांनी दरम्यान कॅमेरा हाती घेतला होता. वेरूळ, अजिंठा इत्यादी लेण्यांची त्यांनी घेतलेली ७४ छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती आजही पाहावयास मिळतात. याचे कारण साधे आहे : नक्कल एकच होती, छायाचित्राच्या प्रती अनेक निघाल्या आणि अनेक घरी गेल्या. एक ग्रंथालय जळाले तरी दुसरे शिल्लक राहते.

हे काम सोपे मात्र नव्हते. त्या काळी काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरावा, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावी, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे, अशी रीत होती. काच वाळली की श्रम वाया गेले. म्हणून काळोखा तंबू, बाटल्या आणि पाणी हा सर्व संसार डोंगरात बरोबर न्यावा लागे. त्यातून लेण्यांच्या आत रात्रीसारखाच अंधार. पॅरिसमध्ये नादार याने १८६१ च्या सुमारास भुयारांतील चित्रे विजेच्या दिव्यावर घेतली होती. पण अजिंठ्याच्या दरीत वीज कोठून येणार? दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. ही काच निळ्या प्रकाशासच विशेष दाद देई; तांबडा व पिवळा रंग तिच्यावर काळा उमटे. आणि अजिंठ्याची चित्रे तर गेरू व पिवळ्या मातीच्या रंगांनी भरलेली! म्हणून ती चित्रे छायाचित्रांत यथार्थ उतरण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांच्या ‘अजंठा’ ग्रंथाचा पहिला भाग १९३० साली बाहेर पडला, त्यात छायाचित्रांवरून केलेली रंगीत चित्रे आहेत. पुढे १९९१-९२ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी झगझगीत दिवा न लावता, अत्यल्प उजेडातच ही भित्तिचित्रे टिपली.

सहावे निजाम महबूब अली खान यांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचेही स्मरण येथे केले पाहिजे. १८४४ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी रुडकीस स्थापत्याचे शिक्षण घेतले होते. वेरूळ, दौलताबाद व बीबी का मकबरा यांची त्यांनी घेतलेली चित्रे पाहताना इमारतीची मापे जाणणारी दृष्टी स्पष्ट दिसते.

हे सर्व खरे. पण या थोर मंडळींचे कॅमेरे लेण्यांकडे, किल्ल्यांकडे आणि राजवाड्यांकडे वळलेले होते. वाटेवरच्या गावाकडे वळून पाहण्याचे त्यांस कारण नव्हते. ते काम गावकऱ्यांनीच करावयाचे असते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली नावाची लहान बेटे आहेत. तेथील गिब्सन नामक कुटुंबाने चार पिढ्या आपल्याच किनाऱ्याची छायाचित्रे घेतली. त्या खडकांवर जहाजे वारंवार फुटत. १८७५ साली ‘शिलर’ ही जर्मन आगबोट फुटून तीनशेंहून अधिक माणसे बुडाली. फुटलेल्या जहाजांची या कुटुंबाची चित्रे २०१३ साली ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने विकत घेतली. ज्या जहाजाचे फळकूटही उरले नाही, ते त्या काचांवर उभे आहे.

आपल्याकडे समुद्र नाही. पण बुडणे आपणही पाहिले आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली घातला गेला आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. नाथसागर भरला, शेते भिजली, आमच्या बिडकीन परिसरासही त्याचा लाभ झाला. परंतु गोदाकाठची अनेक गावे त्या पाण्याखाली गेली. जलाशयात जी बेटे दिसतात, तेथे आज पक्षी उतरतात. १९८६ पासून ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे. काही वर्षांपूर्वी एका पुनर्वसित गावी गेलो असता एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “गुरुजी, तुम्ही पुस्तकं जमवता. आमच्या जुन्या गावाचा एखादा फोटो असेल का हो तुमच्यापाशी? नातवाला वेस दाखवायची होती.” माझ्यापाशी नव्हता. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, चित्रकलेच्या तासाला ताजमहाल काढावयास लावला. पण समोरची वेस काढा, असे एकदाही सांगितले नाही. त्या वृद्धांपुढे मला खाली पाहावे लागले.

आता पाळी आमच्या गावाची आहे. बिडकीनचे ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र २०२४ साली राष्ट्रास अर्पण झाले. ज्या रानांत ज्वारी आणि कापूस डोलत असे, तेथे रुंद रस्ते झाले. त्याबद्दल खेद करीत बसावे असे मी म्हणत नाही. मुलांना उद्योग हवाच. पण जे बदलणार आहे त्याची नोंद बदलण्यापूर्वीच केली पाहिजे. आज प्रत्येक घरी मोबाइलच्या रूपाने कॅमेरा आहे. गिलसाहेबांस जो काळोख अडवी, त्यात तो सहज पाहतो. नाथषष्ठीस रात्री दिव्यांच्या उजेडात पैठणकडे जाणारी दिंडी, बाजाराचा दिवस, बारवेच्या पायऱ्या, बांधावरची बाभूळ ही सर्व त्याने टिपावी. मात्र तीन गोष्टी विसरू नयेत. चित्राखाली स्थळ, तारीख आणि कोणत्या दिशेस तोंड करून ते घेतले हे लिहावे. नाहीतर ते मुके राहते. निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. आणि त्यांच्या प्रती शाळा, ग्रामपंचायत व ग्रंथालय अशा निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. लंडनच्या त्या दोन आगींनी आपणांस हाच धडा दिला आहे.

श्रोतेहो, पुढे कोणी वृद्ध आपल्या गावाची वेस विचारीत आला, तर त्या वेळच्या गुरुजींस माझ्यासारखे खाली पाहावे लागू नये, एवढीच माझी विनंती आहे.