रुळांकाठी वसलेलं कापसाचं गाव : माउंड बायू



कापसाच्या भावाचा विषय निघाला की अमेरिकेचं नाव येतंच. १८६१ ला तिकडे यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बाहेर पडेना, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत कधी नव्हे तो भाव आला, हे आपण ऐकलेलं असतं. पण तिकडे जे गुलाम कापूस वेचत होते, त्यांचं युद्धानंतर काय झालं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज त्यांच्यातल्याच काही लोकांनी वसवलेल्या एका गावाची गोष्ट सांगतो.

मिसिसिपी राज्यात मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधे गाळाचा सपाट पट्टा आहे. त्याला डेल्टा म्हणतात. जमीन अशी की काळी आईच, पण तेव्हा सगळी जंगलाखाली आणि दलदलीत. १८८० नंतर तिथून लुईव्हिल, न्यू ऑर्लिन्स अँड टेक्सस कंपनीची रेल्वे गेली. आता रूळ टाकले, पण माल कुठून येणार? माणूसच राहत नाही तिथे. हिवतापाच्या भीतीने गोरे शेतकरी यायला तयार नव्हते. मग कंपनीने काळ्या शेतकऱ्यांना जमीन विकायचं ठरवलं आणि आयझाया मॉन्टगोमेरी या माणसाला गाठलं.

हा आयझाया गुलाम म्हणून जन्मलेला. दक्षिणेच्या बंडखोर सरकारचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, त्याच्या थोरल्या भावाच्या मळ्यावर. युद्ध संपल्यावर आयझायाचे वडील बेंजामिन यांनी तोच मळा ३ लाख डॉलरला उधारीवर विकत घेतला! पण पूर, कीड आणि पडते भाव यांत हप्ते थकले. १८७७ ला ते वारले आणि काही वर्षांत जमीन परत डेव्हिस घराण्याकडे गेली. कर्ज काढून घेतलेली जमीन कशी हातची जाते, हे पोराने घरातच पाहिलं होतं.

१८८७ मध्ये आयझाया आणि त्याचा चुलतभाऊ बेंजामिन ग्रीन यांनी रेल्वेकडून ८४० एकर घेतली, एकरी ७ डॉलरने. दोन ओढ्यांच्या संगमाजवळ मूळच्या आदिवासींनी रचलेलं मातीचं जुनं टेकाड होतं. इंग्रजीत टेकाडाला माउंड आणि अशा संथ ओढ्याला बायू म्हणतात, म्हणून गावाचं नाव माउंड बायू.

पहिली वर्षं कशी काढली असतील बघा. झाडं तोडायची, लाकूड विकायचं, त्यावर घर चालवायचं. मोकळ्या झालेल्या तुकड्यात कापूस आणि मका. हात अडला की शेजारच्या मळ्यांवर मजुरीला जायचं. पण जमीन स्वतःची होती. बाकी डेल्टात काळा माणूस बटईने कसायचा, मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचा आणि वर्षाअखेरीला हिशेब मालकच लिहायचा. माउंड बायूत मात्र जिन, लाकूड कापायची गिरणी, दुकानं, शाळा, चर्च, सगळं आपल्याच लोकांचं. १९०४ ला चार्ल्स बँक्स यांच्या पुढाकाराने बँकही निघाली. १९०७ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची गाडी तिथे थांबली.

या गोष्टीत एक सल आहे, तोही सांगायला हवा. १८९० ला मिसिसिपीची नवी राज्यघटना करायला जी सभा बसली, तिच्यात काळा सदस्य एकटा आयझाया होता. मतदानासाठी कर आणि वाचता येण्याची अट घालून काळ्यांचा मताधिकार काढून घेणारी कलमं आली, आणि याने त्यांच्या बाजूने मत दिलं. राजकारण सोडलं तर आपल्याला शेती शांतपणे करू देतील, असा त्याचा हिशेब. गाव टिकलं, पण राज्यातल्या लाखो लोकांचं मत गेलं. त्यासाठी त्याला आजही अनेक जण माफ करत नाहीत.

आणि शेती तरी शांतपणे झाली का? १९१२ ला गावाने सरकीच्या तेलाची गिरणी उभारली. उद्घाटनाला बुकर टी. वॉशिंग्टन आले, मोठी गर्दी झाली. पण गिरणी बांधली आणि खेळतं भांडवल उरलं नाही. १९१४ ला महायुद्ध लागलं, कापूस पडला, बँकही त्याच वर्षी बुडाली. त्यात बोंडावरचा सोंडकिडा टेक्ससकडून सरकत मिसिसिपीत शिरलेला. १९२० च्या उन्हाळ्यात पौंडाला ४० सेंटच्या आसपास असलेला भाव वर्षाअखेरीला निम्म्याच्याही खाली आला. चढ्या भावात कर्ज घेतलेल्यांच्या जमिनी गेल्या. बापाच्या मळ्याची गोष्ट लेकाच्या गावात पुन्हा घडली.

गाव तरीही मोडलं नाही. १९४२ ला टॅबोर नावाच्या भ्रातृसंघटनेने तिथे स्वतःचं हॉस्पिटल काढलं. वर्षाला ८ डॉलर ४० सेंट वर्गणी, त्यात ३१ दिवसांपर्यंत दाखल होऊन उपचार. शेतमजुरांच्या पैशावर चाललेलं हॉस्पिटल! तिथले मुख्य सर्जन टी. आर. एम. हॉवर्ड यांनी पुढे याच गावात हक्कांसाठी हजारोंचे मेळावे भरवले. १९५५ ला एमेट टिल या पोराच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा साक्षीदारांना आसरा मिळाला तो हॉवर्ड यांच्याच घरी.

शेवटची गोष्ट आपल्या कामाची. कापूस वेचणी यंत्रावर गेली, तणनाशक आलं, निंदणी-वेचणीचे हात रिकामे झाले. १९६७ ला माउंड बायूत आरोग्य केंद्र सुरू झालं, तर डॉक्टर जॅक गायगर यांना दिसलं की पोरांचा खरा आजार भूक आहे. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायला सुरुवात केली! पाठोपाठ लोकांनी शेतकी सहकारी संस्था काढली आणि कापसाच्या मुलखात शेंगा, पालेभाज्या, रताळी लावली. राबणाऱ्याला मजुरीसोबत भाजीचा वाटा मिळायचा. जगातली उत्तम गाळाची जमीन, आणि तिथल्या लेकरांना खायला मिळावं म्हणून वेगळी संस्था काढावी लागली. विचार करा.

आज गावात दीड हजाराच्या आसपास माणसं आहेत.

मला यातून दोन गोष्टी कळल्या. सातबारा आपल्या नावावर असणं ही मोठी गोष्ट आहे, पण एकच पीक आणि त्यावर उचल असली की जमीन नावापुरतीच आपली राहते. आणि चढ्या भावात घेतलेलं कर्ज पडत्या भावातच फेडावं लागतं.

पूर्वी आपल्याकडे कपाशीत तुरीच्या, मुगाच्या ओळी असायच्या, बांधाला भेंडी-चवळी असायची. तुमच्या शिवारात यंदा किती जणांनी ठेवल्यात? खाली नक्की लिहा.