एकाच विक्रीचे दोन आकडे

कंपनीच्या मासिक बैठकीत विक्री विभाग एक आकडा मांडतो आणि लेखा विभाग दुसरा. दोन्ही अहवालांचे शीर्षक एकच, मूळ माहितीही एकाच डेटाबेसमधली. फरक इतकाच, की एका अहवालात परत आलेला माल वजा केलेला असतो, दुसऱ्यात नसतो. 'बिझनेस इंटेलिजन्स' प्रणाली वापरणाऱ्या कार्यालयांना हा अनुभव नवा नाही. आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी ही संज्ञा १९५८ मध्ये वापरली आणि १९८९ पासून हॉवर्ड ड्रेस्नर यांनी ती रूढ केली. अहवालांच्या नकलांचा प्रश्न मात्र प्रणाली सर्वांच्या हाती आल्यावर वाढला.

दुसऱ्याच्या अहवालाला हात लावण्यापेक्षा त्याची प्रत काढणे सोपे असते. बिझनेस ऑब्जेक्ट्समध्ये प्रत काढताच तिला नवा ओळखक्रमांक मिळतो. प्रणालीच्या लेखी तो स्वतंत्र अहवालच ठरतो. त्यामुळे केवळ नावांवरून शोध घेणे फसवे आहे. 'विक्री अंतिम' आणि 'विक्री अंतिम नवीन' यांत साम्य असेलच असे नाही. उलट, वेगळ्या नावांचे अहवाल जुळे निघू शकतात. निकाल ताडून पाहणेही पुरेसे नाही. एखाद्या महिन्यात एकही मागणी रद्द झाली नाही, तर भिन्न सूत्रांचे दोन अहवाल तंतोतंत सारखे दिसतात. म्हणून माहितीचा स्रोत, क्वेरी, गाळण्या आणि सूत्रे यांची तुलना करावी लागते. काम कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही.

नकला सापडल्यावर वापराची नोंद पाहिली जाते. येथे घाई नडते. पॉवर बीआयमधील वापराची नोंद जेमतेम महिनाभराचीच मिळते. ३१ मार्चच्या ताळेबंदासाठी वर्षातून एकदाच उघडला जाणारा अहवाल तिच्यात मृतवत दिसतो. ही नोंद वर्षभर वेगळी साठवणे आणि अहवाल पुसण्याआधी काही काळ लपवून ठेवणे श्रेयस्कर. ठरावीक वेळी ई-मेलने जाणारे अहवालही तपासावेत. ते कोणी प्रणालीत उघडत नाही, पण वाचले जातात.

फक्त शाखेपुरत्या वेगळ्या असलेल्या प्रतींऐवजी शाखा निवडण्याची सोय असलेला एकच अहवाल चालतो. सूत्रच वेगळे असेल, तर 'विक्री' कशाला म्हणायचे हे लेखा आणि विक्री विभागाने एकत्र बसून ठरवावे लागते. संगणक विभागाने तो निर्णय परस्पर घेऊ नये. दोन्ही आकडे आवश्यक असल्यास 'ढोबळ विक्री' आणि 'निव्वळ विक्री' अशी स्वतंत्र नावे देऊन दोन्ही अहवाल ठेवता येतात.