४१.६०० मीटर: धोक्याच्या आकड्याचा इतिहास

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जिल्हा प्रशासनाचं रोजचं पत्रक येऊन पडतं. आधी तालुकानिहाय पाऊस, मग धरणांतला साठा, मग नद्यांची पातळी. तिलारी नदी, तिलारीवाडी पूल: इशारा पातळी ४१.६०० मीटर, धोका पातळी ४३.६००. कर्ली नदी, भंगसाळ पूल: ९.९१० आणि १०.९१०. वाघोटन नदी, खारेपाटण पूल: ८.५०० आणि १०.५००.

४१ मीटर म्हणजे नदी ४१ मीटर खोल आहे असं नाही. ही एका ठरवलेल्या शून्यापासून मोजलेली उंची असते आणि प्रत्येक ठिकाणाचा हिशोब वेगळा असतो. पण एक फरक कुणालाही दिसेल. तिलारीला इशारा आणि धोका यांच्यात दोन मीटर आहेत, कुडाळच्या भंगसाळ पुलाजवळ एकच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सेन्सरकडून येणारे आकडे साठवायचे आणि त्यांनी हद्द ओलांडली की कुणाच्या तरी फोनवर अलर्ट पाठवायचा, हे माझं काम. माझ्या स्क्रीनवर त्यासाठी एक रिकामा चौकोन असतो, वर लिहिलेलं असतं ‘थ्रेशोल्ड’. आकडा टाइप करायला दोन सेकंद लागतात. तो कुठून आणायचा, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुठल्याच पेपरात विचारलं नव्हतं. म्हणून मी जुने आकडे शोधायला लागलो.

नाईलचे हात

या कामातले आपले सगळ्यात जुने पूर्वज इजिप्तमध्ये सापडतात. नाईल नदीच्या काठावर पायऱ्या आणि खांब बांधून त्यावर हाताच्या मापाच्या खुणा केलेल्या असत. कैरोजवळच्या रोडा बेटावरचा असा एक खांब इ.स. ८६१ चा आहे आणि तो आजही उभा आहे. रोमन लेखक प्लिनीने या खुणांचा अर्थ नोंदवून ठेवला आहे: पाणी १२ हात चढलं तर दुष्काळ, १४ हात म्हणजे समाधान, १६ हात म्हणजे आनंद. नदी फार चढली तरीही संकटच.

या खुणांवर शेतसाऱ्याचा अंदाज बांधला जाई. म्हणजे तो आकडा पाण्याचा होता तसाच पैशाचाही होता. तो कुणी वाचायचा आणि कुणाला सांगायचा, हे सत्तेच्या हातात होतं.

हे फार दूरचं वाटत असेल तर दोडामार्गातल्या काजू बागायतदाराला विचारा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई मिळते ती बागेत येऊन मोहोर बघून नव्हे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ठरलेल्या तारखांच्या आत ठरलेला आकडा नोंदवला, तर मिळते. विम्याच्या भाषेत याला ‘ट्रिगर’ म्हणतात. केंद्र एका गावात, बाग डोंगरापलीकडे. पाऊस बागेवर पडला आणि केंद्रावर पडला नाही, तर कागदोपत्री तो पडलाच नाही.

३९, ४० आणि ४३

भारतात शास्त्रीय पूर-अंदाजाची सुरुवात १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवर झाली. पुढे केंद्रीय जल आयोगाचं हे काम देशभरच्या नद्यांवर पसरलं आणि तीन रेषा रूढ झाल्या: इशारा पातळी, धोका पातळी आणि आजवरची सर्वोच्च पूरपातळी. तिसरी रेषा सरळ इतिहास आहे. पहिल्या दोनही मागच्या पुरांच्या अनुभवावरूनच आखतात: पाणी कुठवर आलं की काय बुडतं, आणि त्याआधी किती वेळ हाताशी हवा.

आपल्याकडे हे आकडे सगळ्यात चांगले पाठ आहेत ते कोल्हापूर-सांगलीला. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा ३९ फूट, धोका ४३. कृष्णेवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. तिथल्या माणसाला ‘पाणी किती?’ विचारलं की तो फुटांत उत्तर देतो आणि त्या फुटाला कोणता रस्ता बंद होतो तेही सांगतो. आकडा लोकांच्या रोजच्या बोलण्यात आला की सेन्सरचं अर्धं काम झालेलं असतं.

तरीही एकच आकडा सगळ्यांचा नसतो. सांगलीत सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत ४० फुटांच्या आधीच पाणी घरात येतं. पत्रकात अजून इशारासुद्धा नसतो, तेव्हा तिथली माणसं सामान माळ्यावर चढवत असतात. उलट ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी कोल्हापुरात ५५ फुटांच्या आणि सांगलीत ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याच्या रेषेच्या दहा-बारा फूट वर काय करायचं, याचं उत्तर त्या रेषेत नव्हतं.

सेन्सर कुठे आहे?

पावसाचेही असेच आकडे आहेत. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’, २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’. हीच फूटपट्टी मराठवाड्याला आणि हीच दोडामार्गाला. आमच्याकडे जुलैत ६५ मिलिमीटर पडले तर कुणी त्याची बातमी करत नाही. तेवढाच पाऊस बीडमध्ये एका दिवसात झाला तर नाले उलटतात.

उष्णतेच्या लाटेबाबत हा फरक खात्याने स्वीकारलेला आहे. लाट जाहीर करताना कमाल तापमान मैदानी भागात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० असावं लागतं, आणि ते सरासरीपेक्षा किती वर गेलं हेही बघतात. शरीराला कशाची सवय आहे, हे त्या आकड्यांत धरलेलं आहे. जमिनीला आणि नाल्यांनाही सवय असते.

आकड्याइतकीच महत्त्वाची असते ती सेन्सरची जागा. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहरातली दोन केंद्रं. कुलाब्याच्या आकड्यावर अलर्ट लावला असता, तर तो ‘मुसळधार’च्या पुढे गेलाच नसता. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं.

मीटर म्हणजे तास

आता तिलारीच्या त्या दोन मीटरांकडे येऊ. समजा नदी तासाला अर्धा मीटर चढते आहे. मग इशारा आणि धोका यांच्यात चार तास आहेत. ती तासाला एक मीटर चढली तर दोनच. एका मीटरचं अंतर असेल तर तेही निम्मे. म्हातारी माणसं, गुरं, कागदपत्रं हलवायला किती वेळ लागतो हे आधी मोजायचं आणि तिथून मागे येत आकडा काढायचा. म्हणूनच चांगल्या यंत्रणेत अलर्ट पातळीवर असतो तसाच चढण्याच्या वेगावरही असतो.

बाकीच्या गोष्टी कारागिरीच्या. पाणी ४१.६० च्या आसपास वरखाली होत राहिलं तर दर पाच मिनिटांनी मेसेज जातो आणि दुसऱ्या दिवशी लोक ग्रुप म्यूट करतात. लांडगा आला रे आला. म्हणून अलर्ट ४१.६० ला सुरू झाला तर तो ४१.४० च्या खाली गेल्यावरच बंद करायचा. सेन्सरखाली फांदी अडकली तर एक चुकीचा आकडा येतो, म्हणून ओळीने तीन आकडे तसेच येईपर्यंत थांबायचं. पण नदी वेगाने चढणारी असेल तर हे थांबणंच महागात पडतं. आणि सगळ्यात मोठं पथ्य: आकडा न येणं म्हणजे शून्य नव्हे. कोकणात वीज आणि मोबाइलचा टॉवर नेमके पाऊस सगळ्यात जोरात असताना जातात. सेन्सर गप्प झाला की त्या गप्प होण्याचाच अलर्ट गेला पाहिजे.

अलर्ट कुणाच्या फोनवर?

१२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. धरणाचं काम पूर्ण व्हायच्या आधीच त्यात पाणी भरलं होतं. आदल्या रात्री इंजिनिअर आणि लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. धोका तिथल्या माणसांना डोळ्यांनी दिसत होता. पुण्यात मात्र पुष्कळांना तो पाणी दारात आल्यावर कळला.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. म्हणजे मोजणारं कुणी नव्हतं असं नाही. इतकी गळती झाली की अमुक माणसाने अमुक तासांत गाव हलवायचं, अशी रेषा मात्र नव्हती.

तिलारीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड आहे. धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचं संयुक्त, पाण्याचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, २६.७० आपला. नदी दोडामार्गातून गोव्यात उतरते आणि तिथे शापोरा होते. ऑगस्ट २०१९ मध्ये धरणातून पाणी सुटलं, तेव्हा डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या काठावरच्या गावांत पूर शिरला. पाण्याला राज्याची हद्द कळत नाही. पण फोन नंबरांच्या यादीला ती असते, कारण ती यादी कुठल्या तरी एका कार्यालयात तयार होते.

म्हणून आता मी थ्रेशोल्डचा चौकोन भरण्याआधी तीन प्रश्न विचारतो. मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं, आणि हे तिथल्या कुणाला विचारलं? निघायला किती तास लागतात? आणि रात्री दोन वाजता हा मेसेज आला तर कोण उठणार, काय करणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोघांच्या अचूकपणाचा उपयोग नाही.

तुमच्या गावाजवळच्या पुलाचे दोन आकडे शोधा. ते पत्रकात असतील. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं. त्या पायरीला पाणी लागतं तेव्हा पुलावरची पट्टी किती दाखवते, हे अजून कुणीच लिहून ठेवलं नसेल, तर येत्या पावसाळ्यात ते काम तुमचं.